पाचशे वॅटचा पराक्रम

२०२४ च्या मार्च महिन्यात, म्हणजे दिवाळीला चांगले सात महिने अवकाश असताना, आमच्या घरात रात्री अकरा वाजता फटाका फुटला. आवाज म्हणाल तर लवंगीपेक्षा मोठा, सुतळी बॉम्बपेक्षा लहान. पाठोपाठ जळक्या माशासारखा वास आला आणि सगळ्या घरातले दिवे गेले. सौ. स्वयंपाकघरातून ओरडल्या, “अहो, गॅस बघा!” गॅसचा काही दोष नव्हता. फुटला होता तो आमच्या कन्येच्या संगणकाच्या पेटीतला वीजपुरवठ्याचा डबा. बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात तो. कन्या आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला, आणि कॉलेजात चित्रे सादर करण्यास उरले होते दोन दिवस.

या डब्याची कुळकथा सांगणे भाग आहे. हा संगणक आमच्या चिरंजीवांनी २०२१ साली सुटे भाग जमवून स्वतःच्या हाताने उभा केला. काही भाग नवे, काही वापरलेले. मेंदू म्हणून कोअर आय-५ ९६००के, चित्रांसाठी जीटीएक्स १६६० सुपर हे कार्ड. या दोहोंची निवड करताना त्याने तीन आठवडे घालवले. एसएमपीएसची निवड मात्र त्याने केलीच नाही. तो कॅबिनेटबरोबर फुकट आला होता. डब्यावर ठसठशीत अक्षरात ‘५००’ लिहिलेले होते. फुकटात पाचशे वॅट मिळाले, आणखी काय हवे, असे मीही म्हटले होते. हे माझे वाक्य पुढे घरात बरेच दिवस गाजले.

तीन वर्षे सगळे सुरळीत चालले. मग कन्येची इमारतींची चित्रे मोठी होत गेली आणि एकेक चित्र तयार होण्यास रात्र पुरेना. तेव्हा बंधुराजांनी बहिणीच्या मदतीसाठी ओव्हरक्लॉकिंगचा घाट घातला. कारखान्याने जो वेग ठरवून दिला आहे त्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर पळवावयाचा, असा हा उद्योग. ९६००के मधला ‘के’ म्हणजे अशा पळवण्यास कारखान्याची मोकळीक आहे असे समजावे. सहाही गाभे एकदम कामाला लागले म्हणजे हा प्रोसेसर एरवी ४.३ गिगाहर्ट्झवर चालतो. चिरंजीवांनी तो ४.९ वर नेला, आणि तिथे तो डळमळू नये म्हणून त्याला मिळणारे व्होल्टेज १.१५ चे १.३० केले.

दोन-तीन दिवस बहीण-भाऊ खूष होते. मग संगणक ऐन कामात आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. आता गंमत अशी, की प्रोसेसरला व्होल्टेज कमी पडले तरी हेच होते आणि एसएमपीएस दमला तरी हेच होते. चिरंजीवांनी पहिले कारण धरले आणि व्होल्टेज आणखी थोडे वाढवले. म्हणजे ओझ्याने वाकलेल्या हमालाच्या डोक्यावर, तो नीट चालत नाही म्हणून, आणखी एक ट्रंक ठेवली! त्याच रात्री अकराला फटाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज मंडळातून निवृत्त झालेले आमचे शेजारी अप्पा चहाला आले. चिरंजीव पेचकस घेऊन डबा उघडण्याच्या तयारीत होते. अप्पांनी आधी त्याच्या हातावर चापट मारली. “अरे, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या घरात वीज साठलेली असते, प्लग काढल्यावरही राहते. हे उघडण्याचे खेळणे नव्हे.” मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डब्याच्या बाजूची बारीक अक्षरातली चिकटपट्टी वाचू लागले.

“मोठा आकडा मालकासाठी असतो, बारीक आकडा यंत्रासाठी. हे बघा, १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलेत? सतरा. बारा सत्ते किती?”

“बारा सत्रे दोनशे चार,” मी म्हणालो. बँकेतली नोकरी, एवढे तरी जमायलाच हवे.

“मग तुमचा एसएमपीएस दोनशे चार वॅटचा. बाकीचे आकडे ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळींवर दाखवून बेरीज फुगवलेली. एके काळी संगणक त्या ओळींवर चालत. आताचे प्रोसेसर आणि चित्रांचे कार्ड आपला जवळजवळ सगळा आहार १२ व्होल्टवरूनच घेतात.”

मग वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडला गेला. प्रोसेसर मूळचा ९५ वॅटचा. वेग वाढतो त्या प्रमाणात खर्च वाढतो. पण व्होल्टेज वाढते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि सगळी मेख त्या वर्गात आहे. वेग वाढला सुमारे १४ टक्के, व्होल्टेज १३ टक्के. गुणाकार केला तर खर्च जवळजवळ दीडपट होतो. ९५ चे १३८ वॅट. चित्रांचे कार्ड १२५ वॅटचे, तेही थोडे पळवलेले, म्हणून १४० धरले. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे मिळून ५०. एकूण ३२८. त्यातले तीनशेच्या आसपास एकट्या १२ व्होल्टच्या ओळीवर, म्हणजे २५ अँपिअर. आणि आमचा डबा सतराचा! तो इतके दिवस तगला हेच नवल.

खरे दुःख निराळे होते. डबा जाताना एकटा गेला नाही, मदरबोर्डला घेऊन गेला. चांगल्या एसएमपीएसमध्ये भार फार झाला, व्होल्टेज चढले किंवा कुठे तारेला तार लागली, तर तो स्वतःहून बंद पडतो. फुकटच्या डब्यात बहुधा ही राखणदारी नसते. प्रोसेसर वाचला, डिस्क वाचली. ती डिस्क अप्पांच्या नातवाच्या संगणकात बसवून कन्येने दोन रात्री जागून काम पुरे केले. पाचातले एक चित्र मात्र राहिले ते राहिलेच. त्याबद्दल ती भावाशी आठ दिवस बोलली नाही. वापरलेला मदरबोर्ड आठ हजारांना पडला. तेव्हा फुकट डब्याची किंमत आठ हजार, असे माझ्या वहीत लिहिलेले आहे.

रविवारी अप्पा, मी आणि चिरंजीव ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे, पण ते नाव घेऊन कुणी दुकान विचारल्याचे मी ऐकले नाही. पहिल्या दुकानदाराने आमच्यासमोर ६०० वॅटचा डबा बाराशे रुपयांना ठेवला. अप्पांनी तो उलटा केला, मागचे लाल बटण दाखवले आणि परत सरकवला. त्या बटणावर ११५ आणि २३० असे दोन आकडे असतात. आपल्याकडे चुकून ते ११५ वर राहिले आणि प्लग लावला, की दिवाळी! बरे एसएमपीएस १०० पासून २४० व्होल्टपर्यंत आपले आपण जुळवून घेतात. त्यांना हे बटण नसतेच.

तिसऱ्या दुकानात मनाजोगते दोन मिळाले. दोन्ही ५५० वॅटचे, दोन्हींच्या पट्टीवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे त्याच एका ओळीवर ५४० वॅट. याला खरे बोलणे म्हणतात. एकावर ‘८० प्लस ब्राँझ’, किंमत पावणेचार हजार. दुसऱ्यावर ‘८० प्लस गोल्ड’, किंमत सहा हजार. चिरंजीवांची नजर अर्थातच सोन्यावर. मी हिशेब मागितला.

हा ‘८० प्लस’चा शिक्का २००४ पासून आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती संगणकाला पोचते आणि किती उष्णतेत जाते, एवढेच तो सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात. आमच्या ३२८ वॅटसाठी ब्राँझ भिंतीतून सुमारे ३८६ घेणार, गोल्ड ३६४. फरक २२ वॅटचा. रोज चार तास पूर्ण भार धरला तरी वर्षाची बत्तीस युनिटे. युनिटला दहा रुपये धरले तर सव्वातीनशे रुपये. वरचे सव्वादोन हजार फिटण्यास सात वर्षे हवीत. शिवाय पूर्ण भार रोज चार तास कोण देतो? चार दिवस परीक्षेचे! आम्ही ब्राँझ घेतला. रात्रंदिवस यंत्र चालवणाऱ्याने खुशाल गोल्ड घ्यावा, त्याचे गणित वेगळे. (५५० वॅटचा डबा सतत ५५० वॅट खातो ही समजूत आमच्या सौ.ची होती, आणि खरे सांगायचे तर माझीही. संगणक मागेल तेवढेच तो घेतो.)

अप्पांनी मात्र शिक्क्यापेक्षा पट्टीवरच्या दुसऱ्या एका ओळीकडे जास्त वेळ पाहिले. हा आकडा किती तपमानाला दिला आहे? काही ४० अंशांना देतात, चांगले ५० ला. मुंबईच्या मे महिन्यात बंद पेटीच्या आत हा फरक खरा असतो. आतले कपॅसिटर १०५ अंशांचे असले तर उत्तम. दहा अंश उष्णता वाढली की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणूनच वापरलेला प्रोसेसर घ्यावा, वापरलेला एसएमपीएस घेऊ नये, हे त्यांचे मत मला पटले. हमीची वर्षेही पाहिली. खोक्यावर नाव एकाचे असते आणि आत बनवणारा कारखाना पुष्कळदा दुसराच, तेव्हा नावावर भाळून चालत नाही. आणखी एक सूचना त्यांनी चिरंजीवांना दुकानातच दिली: तारा सुटणारा डबा घेतलास तर त्याच्याच तारा वापर. दुसऱ्या डब्याच्या तारा खाचेत बसतात, पण आतली जुळणी निराळी असली की डिस्क गेलीच म्हणून समज.

घरी आल्यावर जोडणी झाली आणि अप्पांनी पेटीला हात लावून चटकन मागे घेतला. “मुंग्या येतात का रे?” कन्या म्हणाली, “अप्पा, त्या तर पहिल्यापासूनच येतात!” अर्थिंगच नव्हते. टेबलाखालच्या एक्स्टेंशन बोर्डाची तिसरी तार आत तुटलेली. एसएमपीएसच्या गाळणीतून झिरपणारी बारीकशी वीज अर्थिंगवाटे जावयाची, ती तीन वर्षे आमच्या कन्येच्या बोटांतून जात होती. तो बोर्ड त्याच क्षणी केराच्या टोपलीत गेला. माझा जुना ६०० व्हीएचा यूपीएस पुढे करून मी उदारपणा दाखवला, तर त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात ३६० वॅट! एव्हाना मीही बारीक अक्षरे वाचू लागलो होतो. तो मग वायफायच्या डबीला दिला.

चिरंजीवांनी वेग ४.९ वरून ४.७ वर आणला आणि व्होल्टेजही उतरवले. चित्राला चार-पाच मिनिटे जास्त लागतात, एवढेच. त्या रात्री कन्येचे राहिलेले पाचवे चित्र यंत्रावर चढवले; प्राध्यापकांनी आठ दिवसांची मुदत दिली होती. अप्पांनी प्लगपाशी वॅट मोजण्याची डबी लावली आणि आम्ही चौघे तिच्याभोवती उकिडवे बसलो. आकडा ३३०, ३४१, ३४६ असा चढला आणि तिथेच थांबला. पंख्याचा आवाजही फारसा वाढला नाही.

सौ. दारात उभ्या राहून हा सोहळा पाहत होत्या. म्हणाल्या, “माझी इस्त्री हजार वॅटची आहे. तिच्याभोवती कधी कुणी असे बसले नाही.”