युवा भागीदारी : निधी, नियम आणि साधनं

इरॅस्मस प्लस : शिक्षण, युवा आणि क्रीडा क्षेत्रांसाठी युरोपीय संघाचा निधी कार्यक्रम. सुरुवात २०१४. सध्याचा टप्पा २०२१ ते २०२७, तरतूद सुमारे २६ अब्ज युरो. त्यातले भागीदारीचे दोन प्रकार पुढे.

लहान भागीदारी : किमान २ देशांतल्या २ संस्था, मुदत ६ ते २४ महिने. अनुदान ३० किंवा ६० हजार युरो.

सहकार्य भागीदारी : किमान ३ देशांतल्या ३ संस्था, १२ ते ३६ महिने. अनुदान १ लाख २० हजार, अडीच लाख किंवा ४ लाख युरो. भारतीय संस्थेला अर्ज करता येत नाही. तिच्यामुळे प्रकल्पात मोलाची भर पडते हे दाखवलं, तर भागीदार होता येतं.

वरची दोन्ही अनुदानं ठोक असतात. ठोक अनुदान म्हणजे काय? निधी देणारा खर्चाची बिलं तपासत बसत नाही, कबूल केलेलं काम झालं का ते पाहतो. म्हणून सह्यांचं हजेरीपत्रक, बैठकीचं इतिवृत्त, कार्यशाळेची तयार पुस्तिका हे पुरावे कामाच्या वेळीच जमवणं महत्त्वाचं. सहकार्य भागीदारीत व्यवस्थापनासाठी अनुदानाच्या जास्तीत जास्त २० टक्के रक्कम ठेवता येते.

लॉगफ्रेम : उद्दिष्ट, निष्पत्ती, कृती, मोजमाप आणि गृहीतकं एका तक्त्यात. १९६९मध्ये अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या विकास-मदत संस्थेसाठी तयार झाला.

गँट तक्ता : आडव्या पट्ट्यांचं वेळापत्रक. ‘प्रशिक्षण, मार्च ते मे’ ही पट्टी लांबली, की पुढची कोणती कामं अडतात ते लगेच दिसतं. हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जातो.

यूथपास : युवा प्रकल्पात सहभागी तरुण काय शिकले याचं प्रमाणपत्र, २००७पासून.