नोकरी शोधताना दिवस हातातून का निसटतो?

नोकरी गेल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस तसे बरे जातात. झोप पूर्ण होते, रखडलेली कामं उरकतात, मित्र फोन करून धीर देतात. मग हळूहळू दिवसाचा आकार बिघडू लागतो. उठायला साडेनऊ वाजतात. चहा पिता पिता नोकरी डॉट कॉम उघडलं जातं, वीस ठिकाणी ‘अप्लाय’ दाबलं जातं, मग लिंक्डइनवर जुन्या सहकाऱ्यांच्या बढतीच्या पोस्ट दिसतात. जेवण, थोडं आडवं होणं, बँकेचं एखादं काम, आणि रात्री अकराला पुन्हा मोबाइल. दिवसभर डोक्यात नोकरीच असते, पण आज नक्की काय केलं असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही.

याला घरचे आळस म्हणतात. खरं तर नोकरीबरोबर पगार जातो तसं घड्याळही जातं, आणि याची नोंद नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीच झालेली आहे.

मारिएन्थालचे रिकामे दिवस

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची गिरणी कामगारांची वस्ती होती. जागतिक मंदीच्या सुरुवातीला तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या अभ्यासकांनी या गावाची बारकाईने पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९३३ साली प्रसिद्ध झाले.

लोकांकडे वेळ भरपूर होता, तर वाचन वाढायला हवं होतं. झालं उलटंच. कामगारांच्या वाचनालयातून घरी जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. दिवस कसा गेला ते तासावारी लिहा, असं पुरुषांना सांगितल्यावर बऱ्याच जणांना उठणं, जेवणं आणि झोपणं यापलीकडे फारसं काही आठवेना. अभ्यासकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा चालण्याचा वेगही मोजला. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालत. बायका भरभर जात, कारण स्वयंपाक, मुलं, धुणंभांडी यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता.

याहोडा यांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराखेरीज आणखी काही गोष्टी देते. त्यात दिवसाची बांधणी आणि घराबाहेरच्या माणसांशी संपर्क या दोन महत्त्वाच्या. नोकरी शोधणाऱ्याच्या दिनक्रमाला नेमक्या याच दोन गोष्टी भरून काढायच्या असतात. ‘रोज आठ तास शोध घ्या’ हा सल्ला म्हणूनच फारसा कामाचा नाही. आठ तास पुरेल इतकं शोधकाम बहुतेक दिवशी नसतंच, मग उरलेला वेळ त्याच त्या जाहिराती खालीवर करण्यात जातो.

तास तेवढेच, अर्ज जास्त

दक्षिण आफ्रिकेतल्या बेरोजगार तरुणांवर झालेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. काही जणांकडून नोकरीच्या शोधाचा सविस्तर आराखडा लिहून घेतला होता: काय करायचं, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कुठे. इतरांकडून तसा आराखडा घेतला नव्हता. आराखडा लिहिणाऱ्यांचे शोधाचे तास वाढले नाहीत, पण त्यांचे अर्ज १५ टक्क्यांनी वाढले, नोकरीचे प्रस्ताव ३० टक्क्यांनी वाढले आणि प्रत्यक्ष नोकरी मिळण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी. शिवाय ते एकाच मार्गावर अडकून राहिले नाहीत, वेगवेगळ्या वाटांनी शोधू लागले.

आराखडा म्हणजे काय, हे उदाहरणाने पाहू. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून कमी केलेला एक क्वालिटी इन्स्पेक्टर ठरवतो, ‘उद्या अर्ज करायचे.’ हा आराखडा नाही. ‘मंगळवारी सकाळी १० वाजता, जेवणाच्या टेबलावर, चाकणमधल्या तीन कंपन्यांच्या जाहिराती वाचून प्रत्येकीसाठी बायोडेटातल्या वरच्या पाच ओळी बदलायच्या’ हा आराखडा. दहा वाजले की काय करायचं हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. उदास सकाळी निर्णय घ्यायची ताकद नसते, हे ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

सकाळचे दोन-अडीच तास अशा अर्जांना द्यावेत. भरतीवाल्यांचे फोन कामाच्या वेळेत येतात, आणि झोपेतल्या आवाजात ‘हॅलो’ म्हणून चांगली संधी घालवण्यात अर्थ नाही. नोकरी डॉट कॉमवर उमेदवार शोधताना अलीकडे कोण सक्रिय होतं, यानुसार यादी गाळता येते. त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा प्रोफाइल उघडून छोटासा का होईना बदल करणं फायद्याचं. राज्य सरकारचं महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस ही पोर्टलं आठवड्यातून एकदा पाहिली तरी पुरतं. रोजगार मेळाव्यांच्या तारखा तिथे कळतात.

दुपार माणसांसाठी

दुपारी जाहिराती पाहूच नयेत. ती वेळ फोन आणि भेटींची. इथे बहुतेकांचं घोडं अडतं, कारण ‘नोकरी गेली’ हे सांगायची लाज वाटते. सांगितलंच तर अगदी जवळच्या दोन-तीन मित्रांना सांगितलं जातं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या न्यूटन शहरातल्या, नोकरी बदललेल्या पुरुषांना विचारलं होतं की ती कशी मिळाली. निम्म्याहून अधिक जणांना ती ओळखीतून मिळाली होती. पण त्यातल्या फक्त १७ टक्के जणांच्या बाबतीत ती ओळख नेहमी भेटणाऱ्या माणसाची होती. बाकीच्यांच्या बाबतीत अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याची. कारण साधं आहे. जवळच्या मित्राला जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. चार वर्षांपूर्वीचा सुपरवायझर, कॉलेजचा सीनिअर, जुन्या कंपनीत माल पुरवणारा व्हेंडर यांना वेगळ्या जागा माहीत असतात.

रोज अशा दोघांना निरोप पाठवायचा, एवढंच. त्यात नोकरी मागू नये, माहिती मागावी: ‘सर, मी सध्या क्वालिटीमध्ये जागा शोधतोय. तुमच्याकडे या विभागाचं काम कोण बघतं, एवढं सांगाल का?’ याचं उत्तर द्यायला समोरच्याला अवघड वाटत नाही.

घरातही एक गोष्ट स्पष्ट बोलावी लागते. ‘घरीच आहेस ना’ या तीन शब्दांत गॅस सिलिंडर, आजीचा दवाखाना आणि भाच्याची शाळा सगळं येतं. बाईची नोकरी गेली असेल तर विचारूच नका. मारिएन्थालच्या बायकांचा दिवस ज्या घरकामाने सावरला, तेच घरकाम आज नोकरी शोधणारीचा दिवस गिळून टाकतं. सकाळी दहा ते साडेबारा मी कामावर आहे, असं घरच्यांना सांगून ठेवावं. शक्य असेल तर ते तास जवळच्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत काढावेत. बाहेर पडायचं म्हटलं की अंघोळ आणि कपडे आपोआप वेळेवर होतात, हाही फायदाच.

वही आणि रात्र

एक साधी वही पुरते: कंपनी, तारीख, कुणाशी बोललो, पुढचा फोन कधी. आठवड्याभराने उत्तर नसेल तर एकदा आठवण करावी, मग ओळ खोडून पुढे जावं. महिन्याने वही उलटी चाळली की दोष कुठे आहे ते दिसतं. चाळीस अर्ज करूनही एकही फोन नसेल तर बायोडेटा बदलायला हवा किंवा जागा चुकीच्या निवडल्या जात आहेत. फोन येतात पण मुलाखतीनंतर गाडी अडते, तर दुपारचा एक तास मुलाखतीच्या सरावाला द्यावा.

रात्री नऊनंतर नोकरीचं ॲप उघडू नये. झोपेचा प्रश्न तर आहेच, पण घरबसल्या कामाची, नोंदणी फी मागणारी फसवी आमिषं थकलेल्या माणसाला त्याच वेळी खरी वाटतात. नोकरी देण्यासाठी पैसे मागितले की संवाद तिथेच थांबवावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

रविवारी पूर्ण सुट्टी. आणि ज्या दिवशी नकाराचा मेल येईल त्या दिवशी सकाळचे अर्ज राहिले तरी चालतील, दुपारचे दोन निरोप मात्र जाऊ द्यावेत.