तोफांच्या सरावासाठी बॉम्बर

आमच्या शहराचे नाव धारण करणारी युद्धनौका 'सुरत' 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. एप्रिलमध्ये तिने अरबी समुद्रात लाटांलगत उडणारे लक्ष्य अचूक टिपल्याची बातमी आली. सुरतेत ती कौतुकाने वाचली गेली. मला मात्र भलताच प्रश्न पडला : नेमबाजीसाठी आकाशात हे लक्ष्य आणतात कोठून?

आता हे काम बहुधा वैमानिकरहित यंत्रे करतात. पूर्वी ते माणसे करीत, आणि तीही बहुतेक लढाईच्या विमानांत बसून. दुसऱ्या महायुद्धातले 'मरॉडर' आणि 'इन्व्हेडर' हे बॉम्बर अमेरिकन नौदलाने अशा कामाला जुंपले; ब्रिटिश नौदलाने 'मॉस्किटो' घेतले. कारण उघड आहे. बॉम्बरची इंजिने दणकट, पोटात जागा भरपूर आणि तासन्‌तास उडण्याची ताकद.

विमानात रहाटासारखे एक यंत्र बसवीत. त्यावरून पोलादी दोर सोडायचा आणि टोकाला कापडाची लांब नळी बांधायची. विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखविणारी नळी आपण पाहतो, तशीच, (आम्हा कापडाच्या शहरातल्यांना तिचे जरा अप्रूप!) दोर शेकडो मीटर लांब ठेवीत, कारण खाली तोफेवर बसलेला गडी शिकाऊ असे. त्याने नळीच्या पुढे नेम धरायचा खरा. पण फारच पुढे धरला तर? ब्रिटिश विमानांच्या पोटाला काळेपिवळे तिरपे पट्टे रंगवीत, ते यासाठीच. नेम धरणाऱ्याचे कौतुक होते, दोर ओढणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या नौदलाने 1955 मध्ये याच कामासाठी 'फायरफ्लाय' विमाने घेतली. त्यांचे ठाणे कोचीचे 'गरुड'. फायरफ्लाय हा काही अस्सल बॉम्बर नव्हे, विमानवाहू नौकेवरचे दोन आसनी लढाऊ विमान ते; मात्र बॉम्ब आणि रॉकेटे नेई, आणि 1945 च्या जानेवारीत सुमात्रातील तेलशुद्धी कारखान्यांवरील हल्ल्यांत होते. अस्सल बॉम्बर म्हणजे 'लिबरेटर'. कानपूरला मोडीत टाकलेली ही विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि हवाई दलाने त्यांतून 1968 पर्यंत समुद्रावर टेहळणी केली.

गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात एक फायरफ्लाय उभे आहे. पुढे वैमानिकाची बैठक, मागे बऱ्याच अंतरावर दुसरी. कोणी गोव्याला निघाले, तर ती मागची जागा जरूर पाहावी.