तळखडे मागे राहतात

एखाद्या बुटीक हॉटेलच्या लॉबीत जुन्या वाड्याचा सागवानी खांब उभा असला की पाहुणे वर पाहतात. वरच्या पाकळ्या, तुळईखालची नक्षी, कडेनं उतरलेली केळफुलं. आमच्या धंद्यातला माणूस आधी खाली पाहतो. खांब उभा कशावर आहे? वाड्यात तो तळखड्यावर असायचा, घडीव दगडाच्या बैठकीवर. जमिनीतली ओल आणि वाळवी लाकडापर्यंत पोचू नये म्हणून केलेली ती सोय. वाडा मोडून लाकूड शहराकडे निघतं तेव्हा ट्रकमध्ये खांब चढतो, तुळई चढते, गणेशपट्टीची चौकट चढते. तळखडा तेवढा चढत नाही. तो जड, आणि त्याला भाव नाही. मग हॉटेलात सिमेंटची बैठक ओततात आणि तिला दगडाचा रंग देतात. खरे तळखडे बघायचे तर लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या आसपासच्या गावांत या. कुठं हापशाजवळ धुणं आपटायला ठेवलेले, कुठं दाराशी पायरी म्हणून पुरलेले दिसतील.

घरं आणि लहान हॉटेलं सजवायची कामं मी घेतो, आणि माझं गाव औसा. त्यामुळे रंगीत भिंतींचे, चित्रांनी भरलेल्या खोल्यांचे गुळगुळीत फोटो मासिकात बघताना मला त्या फोटोत नसलेली माणसं आठवत राहतात. त्यांच्याबद्दल लिहितो आहे.

आधी हे लाकूड सुटं कसं झालं ते सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेची वेळ, चारला काही मिनिटं कमी. किल्लारीचा भूकंप. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. गणपती बोळवून माणसं नुकती निजली होती. सुमारे आठ हजार माणसं त्या पहाटे गेली. दगड मातीत रचून उभारलेल्या जाड भिंती, आणि डोक्यावर माळवदाची माती. भिंतीचा आतला पदर आणि बाहेरचा पदर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादरा बसला तसे ते सुटले आणि माणसांच्या अंगावर आले. पण कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी खणाचे खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या होत्या. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेच्या मदतीच्या त्या योजनेत घरं मिळाली ती जमीनधारणेप्रमाणे, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. अडीचशे फुटांच्या सिमेंटच्या घरात नऊ खणांचं लाकूड उभं करायचं कुठं? आणि दगडाच्या घराचं नाव काढलं तरी अंगावर काटा येत होता. लाकूड विकलं त्यांना मी कधीच दोष देणार नाही.

ही भीती अजून गेलेली नाही, हे मला एका वाड्याच्या कामात कळलं. औशातलाच वाडा. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला चार खोल्यांचं पाहुणेघर करायचं होतं. मोबाईलमध्ये राजस्थानातल्या हवेल्यांचे फोटो घेऊन आला होता. गुलाबी भिंती, पिवळ्या कमानी, छतभर वेली. मी कागदावर रंग मांडत होतो तेवढ्यात आमचा म्हातारा गवंडी शिडी लावून माळवदावर चढला आणि पहार खुपसून मातीचा थर मापू लागला. दर उन्हाळ्याच्या शेवटी गळती थांबावी म्हणून माळवदावर नवी माती पसरायची, हा पिढ्यांचा रिवाज. खालचा थर कुणी काढत नाही. भार वर्षानुवर्षं वाढत जातो, आणि घरात राहणाऱ्याला तो दिसत नाही. गवंडी खाली उतरून म्हणाला, "मालक, रंगाचं मागून बघू. आधी ही माती उतरवू."

रंगासाठी धरलेल्या पैशातला मोठा वाटा मग भिंतीत गेला. ठरावीक अंतरावर आरपार दगड घालून दोन्ही पदर बांधायचे, खांब आणि तुळई जिथं मिळतात त्या कोपऱ्यात तिरके आधार द्यायचे, वरची माती कमी करून हलकं छत करायचं. फोटोत यातलं काहीच येत नाही. मुलगा नाराज झाला होता. त्याची आई ढाळजेत बसून ऐकत होती. त्या पहाटेनंतर ती कित्येक महिने अंगणात निजली होती. ती एवढंच म्हणाली, "मला ह्या घरात बिनघोर निजता येईल असं करा. मग तुम्हाला कोणता रंग द्यायचा तो द्या." त्या दिवसानंतर राजस्थानचे फोटो कुणी काढले नाहीत.

त्याच वाड्याचं दार. जाड सागवानी फळ्या, पितळी फुल्या, आणि त्यावर ऑइलपेंटचे थर इतके की कोरीव वेल बुजून नुसता उंचवटा राहिला होता. रंग खरवडून लाकूड उघडं करायचं आणि पॉलिश मारायचं असं ठरलं होतं. शहरातल्या गिऱ्हाइकाला जुनं लाकूड तसंच आवडतं. सुताराच्या हाताखालचं पोरगं पत्री घेऊन खरवडत होतं. हिरवा गेला, खाली निळा निघाला, त्याखाली पिवळट, आणि अगदी तळाला काव. आई येऊन उभी राहिली आणि सांगायला लागली. "हे हिरवं थोरल्याच्या लग्नातलं. निळं माझ्या नणंदेच्या. पिवळं मी ह्या घरात आले तव्हाचं." कावेचा थर तिच्या सासूच्याही आधीचा, तो तिला ठाऊक नव्हता. पोराचा हात थांबला. सुतारानं माझ्याकडे पाहिलं.

आम्ही दार पूर्ण खरवडलं नाही. कडेला वीतभर पट्टा ठेवला आणि त्यात प्रत्येक थर पायरीपायरीनं उघडा केला, काव ते हिरवा. बाकीच्या फळ्यांना फक्त तेल दिलं. मग चारही खोल्यांचे रंग त्या पट्ट्यातूनच घेतले. रंगाच्या कंपनीचं जाडजूड पुस्तक उघडावंच लागलं नाही. घरात काय रंग द्यायचा हे त्या घराला आधीच माहीत असतं असं माझं ठाम मत झालं आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक जुन्या घरात मी आधी दाराचा कोपरा खरवडून बघतो.

भिंतींना मात्र डब्यातला प्लास्टिक रंग चालत नाही. मातीत रचलेली दगडी भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. वर प्लास्टिकचा पापुद्रा बसला की ओल आत कोंडते, आणि पहिल्या पावसाळ्यातच पोपडे सुटतात. तिथं चुनाच लागतो. चुनकळी पाण्यात विरवायची, मुरू द्यायची, फडक्यातून गाळायची, डिंक घालायचा, मग नीळ नाहीतर काव. नव्या पोरांना हे येत नाही. आम्हाला हे शिकवलं ते शेजारच्या आळीतल्या एका आजींनी. त्या अजून दर दसऱ्याला आपलं घर स्वतः सारवतात, रंगवतात. प्रमाण विचारलं तर मापात सांगत नाहीत, बोट बुडवून नखावर बघतात. निळीचा पहिला हात दिला तेव्हा मालकाचा रात्री फोन आला की भिंत कुठं गडद तर कुठं दगड दिसतोय, हे काय करून ठेवलंत. चुन्याचा हात ओला असताना तसाच दिसतो. वाळल्यावर तो फिका होतो आणि भरून येतो. सकाळी आई उठून त्या भिंतीपुढं उभी राहिली, तिनं तळवा टेकवून बघितला, आणि पुन्हा फोन आला नाही.

अशा कामाचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण सावंतवाडीचं. तिथल्या राजवाड्यात अलीकडे बुटीक आर्ट हॉटेल सुरू झालं, त्याच्या सजावटीत गंजिफा पत्त्यांवरची चित्रं आहेत. फोटो सुंदर येतात, पण खरी गोष्ट पन्नासेक वर्षं मागं जाते. दशावतारी गंजिफाचा जोड १२० पानांचा. दहा अवतारांची बारा-बारा गोल पानं, प्रत्येक पान हातानं रंगवलेलं. चिंचोक्याच्या खळीनं कडक केलेला पाया, वर रंग, शेवटी लाख. छापील पत्ते आले आणि हे काम बसलं. तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी शोध घेतला तेव्हा ही कला जाणणारे म्हणून हाती लागले ते वृद्ध पुंडलिक चितारी. दोघांनी त्यांना वाड्यावर आणलं. त्यांच्याकडून नवी माणसं तयार करून घेतली, आणि सत्त्वशीलादेवी स्वतः त्यांच्यापाशी शिकायला बसल्या. बडोद्याच्या राजघराण्यातून आलेली बाई हातात कुंचला घेऊन एका चितार्‍यासमोर बसते, हे मला त्या सगळ्या राजवाड्याहून मोठं वाटतं. पुढं वर्षानुवर्षं दरबार हॉलमध्ये चित्रकार बसून काम करत राहिले. हॉटेल नंतर आलं, हात आधीपासून चालत होते. म्हणून त्या खोल्यांतली चित्रं तिथलीच वाटतात.

औसेकरांना एवढं लांब जायचीही गरज नाही. आमचा किल्ला ज्या बहमनी वजीर महमूद गवानच्या नावानं ओळखला जातो, त्यानंच १४७२ मध्ये बीदरला मदरसा बांधला. निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरश्यांचं काम त्याच्या भिंतीवर अजून शिल्लक आहे. बीदरच्या किल्ल्यात रंगीन महल आहे. कोरीव लाकडी खांब, रंगीत फरश्या, आणि काळ्या दगडात बसवलेले शिंपल्याचे तुकडे. सोळाव्या शतकातलं ते दालन मी कारागिरांना मुद्दाम दाखवून आणतो. त्याच शहरात बिदरीचं काम चालतं. जस्त-तांब्याच्या मिश्रणाची वस्तू, त्यात चांदीची तार ठोकायची, आणि किल्ल्यातल्या जुन्या मातीच्या लेपानं बाकीचं अंग काळंभोर करायचं. माती योग्य आहे का हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. एका गिऱ्हाइकाला पुढच्या दाराला बिदरी मुठी हव्या होत्या. कारागिरानं स्वच्छ नाही म्हटलं. रोज घामेजलेले हात लागतील, काळेपणा उतरेल, आणि लोक माझ्या कामाला नाव ठेवतील. त्यानं सांगितलं तसं त्या मुठी आम्ही कपड्यांच्या कपाटाला लावल्या, अधूनमधून खोबरेल चोळायच्या सूचनेसह.

गोधडीचंही तसंच. इरकल लुगड्यांची, हाताच्या टाक्यांची गोधडी फ्रेम करून भिंतीवर टांगायची ही सध्याची रीत. जिनं ती शिवली तिला विचारलं तर ती अंगावर पांघरायला शिवलेली असते. मी गोधडी पलंगावरच ठेवतो. हॉटेलवाले धुण्याची काळजी करतात. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर धुतलेली वस्तू आहे ती.

आता पेंटरचं. आपल्याकडे लग्नाआधी घर रंगवलं की दाराच्या दोन्ही अंगांना चित्रं काढून घेतात. वर गणपती, बाजूंना मोर नाहीतर भालदार-चोपदार, आणि नवरा-नवरीची नावं. ही चित्रं काढणारी माणसं एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवत. फ्लेक्स आला आणि पाट्या संपल्या. लातूर रस्त्यावरच्या एका लहान हॉटेलच्या मालकाला गल्लीतल्या भिंतीवर वारली चित्र हवं होतं, कारण सगळीकडे तेच असतं. वारली मला फार प्रिय आहे. ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली त्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगापुढं ठेवली. पण मुळात वारल्यांचा चौकसुद्धा लग्नाच्याच घरात, सवाशिणींच्या हातानं लिहिला जातो. तो त्या डोंगरातल्या लग्नघराचा. मग आपल्या मुलखातल्या लग्नघराची भिंत का नको, असं मी मालकाला विचारलं आणि औशातल्या एका पेंटरला घेऊन गेलो.

तो भिंत बघून म्हणाला, "लग्न कुणाचं हाय?"

मी म्हटलं, लग्न नाही, हॉटेल आहे. तो अस्वस्थ झाला. "मग नावं कुणाची लिहू?" नावाशिवाय चित्र त्याला पुरं वाटेना. शेवटी मालकाच्या आई-वडिलांच्या लग्नाची पत्रिका घरातल्या ट्रंकेतून शोधून काढली, आणि त्यांची नावं तिथीसकट भिंतीवर आली. ती दोघं पुढं भिंत बघायला आली तेव्हा म्हातारबुवा बराच वेळ स्वतःचं नाव वाचत उभे होते.

काम संपल्यावर खरा वाद झाला. पेंटरनं खालच्या कोपऱ्यात नेहमीसारखं आपलं नाव, गाव आणि मोबाईल नंबर टाकला. व्यवस्थापकाचं म्हणणं पडलं की हे जाहिरातीसारखं दिसतं, पुसा. मी अडून बसलो. गॅलरीतल्या चित्राला सही चालते, तर भिंतीवरच्या चित्राला का नाही? आणि ज्याला दुसरं काम मिळवायचं त्याचा नंबर हीच त्याची सही. मालकानं ऐकलं, नंबर राहिला. पाहुण्यांनी तो टिपून घेतला, आणि पेंटरला बाहेरगावहून बोलावणी येऊ लागली.

पूर्वी त्याची मजुरी रंगकामाच्या बिलात, चौरस फुटाच्या दरात बुडून जायची. आता माझ्या बिलात चित्राची ओळ वेगळी असते आणि तीत कुणाला कापाकापी करू देत नाही. दरही आता तोच सांगतो, मोराचा वेगळा, भालदाराचा वेगळा. भालदाराचा जास्त, कारण मिशीला वेळ लागतो.