आवाजाचे सॉफ्टवेअर मध्येच का बंद पडते?

व्हिडिओच्या कामात आवाजाची पाळी बहुतेक वेळा शेवटी येते. चित्र जुळून झालेले असते, मुदत डोक्यावर आलेली असते, आणि नेमके तेव्हाच ऑडॅसिटी, ऑडिशन, रीपर किंवा रिझॉल्व्हमधले फेअरलाइट मान टाकते. मग 'क्रॅश झाले' म्हणून निदान होते आणि तिथेच पहिली चूक होते, कारण या एका शब्दाखाली तीन निरनिराळे बिघाड खपवले जातात. खिडकी एकाएकी नाहीशी झाली, तर तो खरा क्रॅश. खिडकी जागेवर आहे, पण फिकी पडून वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून आले, तर सॉफ्टवेअर हँग झालेले असते. आवाज तुटक येतो, करकरतो, पण बाकी सगळे चालू आहे, तर तो क्रॅशही नाही आणि हँगही नाही. विंडोजची नोंदवहीसुद्धा हा भेद पाळते: क्रॅशची नोंद 1000 या क्रमांकाने होते, हँगची 1002 ने.

हँग झालेले सॉफ्टवेअर बळजबरीने बंद करणे हा अनेकांचा पहिला उपाय असतो. पण ते खरोखर अडकलेले असेलच असे नाही. व्हिडिओ-संपादनाचे प्रीमियर मोठ्या क्लिप्स आत घेताना त्यांचा आवाज आधी स्वतःच्या सोयीच्या फाइलमध्ये उतरवून ठेवतो, त्याच्या लहरींचे चित्र वेगळे साठवतो, आणि तासाभराच्या चित्रीकरणाला त्यासाठी बराच वेळ लागू शकतो. कामात असलेल्या सॉफ्टवेअरला मध्येच मारले, की हेच काम पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

'सॉफ्टवेअरच बिघडले आहे, काढून पुन्हा टाकले की झाले' हा सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज. त्याची थोरली बहीण म्हणजे 'एकदा फॉरमॅट मारून टाका'. वस्तुस्थिती अशी, की क्रॅशचे मूळ पुष्कळदा पाहुण्यात असते, घरात नव्हे. खरखर काढणारे, घुमारा देणारे, आवाजाची पातळी सांभाळणारे प्लगइन बहुधा वेगळ्याच कंपनीने लिहिलेले असतात. स्टाइनबर्गने 1996 मध्ये आणलेल्या व्हीएसटी पद्धतीत प्लगइन मूळ सॉफ्टवेअरच्याच प्रक्रियेत, त्याच्याच स्मृतीत उतरते. मध्ये भिंत नसते. प्लगइनने नको त्या पत्त्यावर हात घातला, की ऑपरेटिंग सिस्टिम प्लगइनला वेगळे काढत नाही, अख्खी प्रक्रिया बंद करते. प्लगइनला स्वतंत्र प्रक्रियेत चालवण्याची सोय रीपर आणि बिटविगमध्ये आहे. तिथे प्लगइन पडले तरी प्रोजेक्ट उभा राहतो.

पुन्हा इन्स्टॉल केल्याने यातले काहीच हलत नाही. प्लगइन सामायिक फोल्डरमध्ये तसेच राहतात, आणि जुनी सेटिंग्ज विंडोजच्या अ‍ॅपडेटा किंवा मॅकच्या लायब्ररी फोल्डरमध्ये बहुधा जशीच्या तशी सापडतात. नवे सॉफ्टवेअर त्याच पाहुण्यांना पुन्हा घरात घेते.

खरे निदान अहवालात असते आणि तो वाचायला प्रोग्रामर असावे लागत नाही. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधल्या अ‍ॅप्लिकेशन विभागात जायचे. क्रॅश झाला त्या वेळेची लाल खुणेची ओळ निवडायची. मजकुरात सॉफ्टवेअरचे नाव आधी येते. ते सगळे पाहतात आणि तिथेच थांबतात. त्यानंतर येणारी 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' ही ओळ जास्त कामाची. तिथे एखाद्या प्लगइनच्या फाइलचे नाव असेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. ऑडिओ इंटरफेसच्या ड्रायव्हरचे असेल, तर ड्रायव्हर पाहावा. ग्राफिक्स ड्रायव्हरचे नाव दिसले तर गोंधळायला नको: प्लगइनच्या नाचत्या मीटरचे चित्र पुष्कळदा ग्राफिक्स कार्डच काढते. 'एनटीडीएलएल' हे नाव मात्र फसवे आहे. ती विंडोजची मूळ फाइल असते. स्मृतीची नासधूस दुसऱ्याच कोणी केलेली असते आणि ती फक्त तिथे उघडकीला येते. मॅकवर हेच अहवाल कन्सोल या अ‍ॅपमध्ये 'क्रॅश रिपोर्ट्स' या नावाखाली मिळतात.

अहवाल मुका निघाला, तर अर्धे-अर्धे करण्याची जुनी युक्ती चालते. समजा प्लगइन 64 आहेत. प्रोजेक्टची प्रत काढावी, 32 प्लगइन दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावेत आणि सॉफ्टवेअर उघडून तेच काम पुन्हा करून पाहावे. क्रॅश थांबला तर दोषी हलवलेल्यांत आहे, नाही तर उरलेल्यांत. मग 16, मग 8. सहा फेऱ्यांत एक नाव हाती येते. दोन प्लगइन मिळून घोळ करत असतील तर ही युक्ती फसते, पण तसे क्वचित होते.

'रॅम वाढवली की प्रश्न मिटेल' या समजुतीवर दुकानदार खूश असतात. 48 किलोहर्ट्झ, 32 बिट फ्लोट, स्टिरिओ अशा एका तासाच्या आवाजाची फाइल सुमारे 1.38 जीबी होते. पण संपादनाचे सॉफ्टवेअर ती सबंध रॅममध्ये घेत नाही, डिस्कवरून लागेल तेवढाच घास घेते. त्यामुळे आधी आटते ती बहुधा डिस्क. ऑडॅसिटीत पूर्ण ट्रॅकवर एखादा इफेक्ट लावला, की नवी प्रत लिहिली जाते आणि 'अनडू'साठी जुनीही ठेवली जाते. या एका तासाच्या ट्रॅकवर पाच इफेक्ट लावले, तर 1.38 चे 8 जीबीच्या वर जातात. डिस्क काठोकाठ भरली, की प्रोजेक्ट लिहिणेच थांबते.

दुसरी मर्यादा वेव्ह फाइलची. या स्वरूपात फाइलचा आकार 32 बिटांत नोंदला जातो, म्हणून 4 जीबीपुढे नेहमीची वेव्ह फाइल जात नाही. वरच्याच मापाने हे सुमारे 3 तास 6 मिनिटे होतात. रात्रभराच्या मैफलीचे किंवा तीन अंकी नाटकाचे सलग ध्वनिमुद्रण याच कुंपणावर अडकते. आरएफ64 किंवा डब्ल्यू64 हे प्रकार निवडले, की कुंपण राहत नाही.

बफरबद्दलही बराच गोंधळ आहे. 48 किलोहर्ट्झला 64 सॅम्पलचा बफर म्हणजे 1.3 मिलिसेकंद, 1024 चा म्हणजे सुमारे 21. लहान बफरने आवाज तुटतो, सॉफ्टवेअर सहसा पडत नाही. माइकवर बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊ नये, म्हणून मुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवतात. संपादनाला 1024 बिनदिक्कत ठेवावा. तसेच, 44.1 आणि 48 किलोहर्ट्झच्या फाइल्स एका टाइमलाइनवर आल्या म्हणून क्रॅश होत नाही. 44.1 ची फाइल 48 ची समजून वाजवली गेली, तर आवाज जवळजवळ 9 टक्के जास्त वेगाने धावतो आणि चिरका होतो, इतकेच.

फोल्डरला मराठी नाव दिल्याने काही बिघडत नाही, हे आजच्या सॉफ्टवेअरबाबत खरे आहे. जुन्या प्लगइनबाबत मात्र नाही. युनिकोडच्या आधी विंडोजमध्ये भाषागणिक कोड पेज असत, आणि देवनागरीसाठी तसे कोड पेज विंडोजने कधी दिलेच नाही. त्या काळच्या पद्धतीने लिहिलेल्या प्लगइनला 'अंतिम मिश्रण' या फोल्डरच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते आणि फाइल सापडत नाही. चालू प्रोजेक्टचा मार्ग रोमन अक्षरांत ठेवणे म्हणूनच सोयीचे.

ऑटोसेव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. बहुतेक ठिकाणी तो फक्त प्रोजेक्टची फाइल, म्हणजे कुठे काय कापले याची यादी जपतो, मूळ ध्वनिमुद्रण नाही. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये चालू प्रोजेक्ट ठेवणे तर आणखी धोक्याचे. ऑडॅसिटीची एयूपी3 फाइल आतून एसक्यूलाइट डेटाबेस असते. तिच्यात लिहिणे चालू असतानाच क्लाउडने तिला हात लावला तर ती बिघडू शकते. काम आपल्या डिस्कवर करावे, प्रत दिवसाअखेर चढवावी.

नव्या आवृत्तीने सगळे सुधारते, हीही अर्धीच गोष्ट. ऑक्टोबर 2019 मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनाने 32 बिट सॉफ्टवेअर पूर्ण बंद केले आणि अनेकांचे जुने प्लगइन एका रात्रीत निकामी झाले. प्रोजेक्ट अर्धवट असताना अपडेट करू नये.

राहता राहिला यंत्राचा दोष. दर क्रॅशला अहवालात निराळेच नाव येत असेल आणि बाकीची सॉफ्टवेअरही अधूनमधून पडत असतील, तर प्लगइन शोधत बसण्यात अर्थ नाही. मेमटेस्ट86 रात्रभर चालवून रॅम तपासावी. प्रोसेसर इंटेलच्या 13 व्या किंवा 14 व्या पिढीचा डेस्कटॉप असेल, तर बायॉस अद्ययावत आहे का तेही पाहावे. या पिढ्यांतल्या बऱ्याच चिप्स जादा व्होल्टेजने अस्थिर होतात, हे इंटेलने 2024 मध्ये मान्य केले, मायक्रोकोडमध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ती दुरुस्ती पुढचे नुकसान टाळण्यासाठी आहे. आधीच बिघडलेली चिप तिने बरी होत नाही, बदलूनच घ्यावी लागते.