विमाने काटकसरी झाली. इंधनाचा खप मात्र चढाच

मुंबई/प्रतिनिधी

उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणारे विमान मुंबईकरांना नवे नाही. या घिरट्यांचा हिशेब केंद्र सरकारनेच फेब्रुवारी २०२४ मध्ये मांडला होता. विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन जाळते. मुंबईवर ते ४० ते ६० मिनिटे ताटकळले, तर १.७ ते २.५ किलोलिटर इंधन, म्हणजेच सुमारे १.८ ते २.६ लाख रुपये हवेत विरतात. गर्दीच्या वेळेतील उड्डाणांवर त्या सुमारास मर्यादाही घालण्यात आली. गंमत अशी, की असे इंधन वाया घालवणाऱ्या विमानांपैकी अनेक आजवरच्या सर्वांत काटकसरी विमानांत मोडतात.

जेट विमानांच्या आरंभीच्या काळात इंधन स्वस्त होते आणि वेगालाच किंमत होती. १९७३ च्या तेलसंकटाने हे चित्र पालटले. जुन्या जेट इंजिनात शिरणारी सारी हवा ज्वलनकक्षाच्या वाटेने जात असे. टर्बोफॅन इंजिनात पुढचा मोठा पंखा बहुतांश हवा गाभ्याच्या बाहेरूनच मागे ढकलतो. त्यामुळे तेवढाच रेटा कमी इंधनात मिळतो. पंखांची टोके वर वळवून हवेचा विरोध घटवण्यात आला. बोइंग ७८७ च्या बांधणीत धातूऐवजी हलक्या संमिश्र द्रव्यांचा वाटा वजनाने निम्म्यावर गेला. २०१६ पासून सेवेत आलेले एअरबस ए-३२० निओ आधीच्या विमानापेक्षा सुमारे १५ टक्के इंधन वाचवते. शिवाय आसने अधिक भरू लागली. १९७० च्या दशकात जगभरात सरासरी ५० ते ६० टक्के आसनेच भरत. २०१९ मध्ये हे प्रमाण ८२ टक्क्यांवर होते. (पाय पसरायची जागा त्याच काळात आक्रसली, हा भाग वेगळा.)

परिणामी १९९० ते २०१९ या काळात एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्यास लागणारे इंधन जवळपास निम्म्यावर आले. परंतु प्रवास चौपट झाला आणि एकूण इंधन दुप्पट जळू लागले.

भारतातही हेच घडले. देशांतर्गत प्रवासी २०१० मध्ये ५.२ कोटी होते. २०२४ मध्ये ते १६ कोटींवर गेले. विमान इंधनाचा खप २०१०-११ मधील सुमारे ५१ लाख टनांवरून २०२४-२५ मध्ये ९० लाख टनांच्या घरात पोहोचला. यात भारतात इंधन भरणारी आंतरराष्ट्रीय उड्डाणेही येतात, त्यामुळे तुलना ढोबळच. पण प्रवासी तिप्पट आणि इंधन दुपटीच्या आत, एवढे त्यातून दिसते. मधल्या काळात घट झाली ती करोनामुळे. २०२०-२१ मध्ये खप ३७ लाख टनांवर कोसळला आणि तीन वर्षांत पूर्वपदावर आला.

काटकसरीने खप आटोक्यात का येत नाही? भारतीय विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो. तिथे बचत झाली, की स्पर्धेच्या रेट्याने तिकीट उतरते आणि काल रेल्वेच्या रांगेत असलेला प्रवासी विमानतळावर येतो. वाचलेले इंधन नव्या उड्डाणात खर्ची पडते.

वापरलेले खाद्यतेल, शेतीतील अवशेष यांपासून बनणारे पर्यायी इंधन हा यावर सांगितला जाणारा उपाय. युरोपीय संघाने २०२५ पासून त्याचे दोन टक्के मिश्रण सक्तीचे केले. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का आणि २०२८ मध्ये दोन टक्के असे उद्दिष्ट ठेवले आहे. अडचण दराची आहे. हे इंधन नेहमीच्या इंधनाच्या काही पट महाग पडते.

दरम्यान, नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झाली. मुंबईवरील घिरट्या त्याने कमी होऊ शकतील. पहिल्या टप्प्यात या विमानतळाची क्षमता आहे वर्षाला दोन कोटी प्रवाशांची.