परतीचा पाऊस: कुणाचा सखा, कुणाचा वैरी

भाद्रपद सरला, की साताऱ्याजवळच्या कास पठारावरची फुले ओसरू लागतात. आभाळ निवळते, पण जमिनीत ओल असल्याने उन्हाचा चटका अंगाला चिकटतो. हाच आपला ऑक्टोबरचा उकाडा!

या दिवसांतला खरा पाहुणा मात्र परतीचा पाऊस. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सह्याद्रीच्या आडोशाला पडलेल्या माण-खटावात, जतमध्ये जेमतेम ५०० च्या आसपास. तिथल्या कोरडवाहू शाळूची भिस्त उत्तरा-हस्ताच्या सरींवर. त्या झाल्या तर ओलीवर पेरणी साधते, वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा पदरात पडतो.

तासगावात याच सुमारास द्राक्षबागांची फळछाटणी होते. कोवळ्या फुटीवर, घडांवर पाणी राहिले, की डाऊनी शिरतो, घड कुजतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या पावसाने सांगली जिल्ह्यातल्या बागांना असाच जबर तडाखा दिला होता.

एकाच ढगाकडे माणचा शेतकरी आशेने पाहतो, तासगावचा बागायतदार धास्तीने. कोजागरीला निरभ्र आभाळ मागताना आपण एवढे ध्यानात ठेवावे.